एलएफपी की एनएमसी? इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी कॅथोडची चौकशी

इलेक्ट्रिक स्कूटर किंवा कार बघायला गेलं की शोरूममध्ये पहिला आकडा कानावर पडतो तो रेंजचा, दुसरा किमतीचा. बॅटरीत कॅथोड, म्हणजे धन टोक, कशाचा आहे असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, "सर, लिथियम-आयन आहे." एवढ्यावर समाधान मानू नका. ॲनोड, म्हणजे ऋण टोक, बहुतेक गाड्यांच्या बॅटरीत मुख्यतः ग्राफाइटचाच असतो, त्यामुळे वजन, आयुष्य, सुरक्षितता आणि किंमत यांतला मोठा फरक कॅथोडवर ठरतो. आपल्या बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार आहेत. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. एनएमसी म्हणजे लिथियमसोबत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असलेलं ऑक्साइड. माझं मत आधीच सांगतो: महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात रोज वापरायच्या गाडीसाठी एलएफपी घ्यावी, आणि एनएमसी घ्यायची तर त्याला ठोस कारण असावं. तशी कारणं काही जणांकडे नक्की असतात.

सगळ्यात मोठं कारण वजन. एनएमसी सेलमध्ये किलोमागे साधारण 200 ते 260 वॅट-तास ऊर्जा मावते, एलएफपीमध्ये 150 ते 180. स्कूटरची 3 युनिटची, म्हणजे 3000 वॅट-तासांची, बॅटरी धरा. 240 च्या हिशेबाने एनएमसीचे सेल साडेबारा किलोचे होतात, 160 च्या हिशेबाने एलएफपीचे जवळजवळ एकोणीस. वर पेटी, वायरिंग आणि बीएमएसचं (बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटचं) वजन वेगळं. बॅटरी गाडीतच राहणार असेल तर हे सहा किलो विसरून जा, चालवताना ते जाणवणारही नाहीत. पण तुम्ही बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, पार्किंगमध्ये प्लग नसेल आणि बॅटरी काढून रोज घरी न्यायची असेल, तर ते सहा किलो दर संध्याकाळी हाताला कळतील. अशा माणसाला मी बिनदिक्कत एनएमसी सुचवीन. कारचंही तसंच आहे. एका चार्जमध्ये जास्तीत जास्त अंतर हवं आणि गाडीखालची जागा मर्यादित असेल, तर एनएमसीचं पारडं जड होतं.

आता आगीबद्दल, कारण प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. 2022 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटल्या, त्यातली एक घटना पुण्यातली होती. पुढे बॅटरीच्या सुरक्षिततेच्या एआयएस-156 या मानकात दुरुस्ती झाली आणि डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने कडक चाचण्या लागू झाल्या. पण चाचणीच्या आधी रसायन समजून घ्यायला हवं. एनएमसीच्या स्फटिकात ऑक्साइडचे थर असतात आणि लिथियम त्या थरांमध्ये बसतं. चार्ज करताना लिथियम बाहेर निघून ॲनोडकडे जातं, थर रिकामे होत जातात आणि रचना नाजूक होते. अशा भरलेल्या सेलचं तापमान खूप वाढलं तर कॅथोड स्वतःच ऑक्सिजन सोडू लागतो. आत ज्वलनशील द्रावण आहेच, त्यात हा ऑक्सिजन मिसळला की आग आतूनच पोसली जाते. निकेलचं प्रमाण जितकं जास्त, तितकी ही वेळ लवकर येते. म्हणजे 811 प्रकारात, जिथे निकेल ऐंशी टक्के असतं, रेंज वाढते आणि धोक्याची पातळीही अलीकडे सरकते.

एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. ते बंध सहजी तुटत नाहीत, म्हणून सेल जास्त तापमान सहन करतो आणि बिघडला तरी उष्णता कमी वेगाने वाढते. याचा अर्थ एलएफपी पेटतच नाही असा मात्र नाही. द्रावण तिथेही ज्वलनशीलच आहे, आणि बिघडलेल्या सेलमधून निघणाऱ्या वायूंत हायड्रोजन असतो. जिन्याखाली, बाहेर जायच्या एकमेव वाटेवर कोणतीच बॅटरी चार्जिंगला लावू नका.

एक गोष्ट मला फार भावते. या दोन्ही घराण्यांचा उगम एकाच संशोधकाच्या कामात आहे. जॉन गुडइनफ यांनी 1980 मध्ये ऑक्सफर्डला थरांच्या रचनेचा कोबाल्ट ऑक्साइड कॅथोड पुढे आणला, ज्यातून पुढे एनएमसीची वाट निघाली. नंतर टेक्सास विद्यापीठात त्यांच्याच गटाने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात लिथियम आयर्न फॉस्फेट दाखवलं. 2019 मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा ते 97 वर्षांचे होते. सुरुवातीला एलएफपीतून वीज इतकी कमी वाहायची की ते कामाचं वाटत नव्हतं. कण अतिसूक्ष्म करून त्यांवर कार्बनचा पातळ थर चढवल्यावर ते वापरात आलं.

आयुष्याच्या बाबतीत जाहिराती सगळ्यात जास्त गोंधळ घालतात. एलएफपीला 2000 ते 4000 सायकल (एक सायकल म्हणजे बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरणं), एनएमसीला 1000 ते 2000, असे आकडे ऐकू येतात आणि ढोबळमानाने ते बरोबर आहेत. पण स्वतःचा हिशेब मांडून बघा. 3 युनिटमध्ये गाडी 100 किलोमीटर जाते असं धरू. रोज 30 किलोमीटर फिरलात तर वर्षाला साधारण अकरा हजार किलोमीटर, म्हणजे 110 पूर्ण सायकल. हजार सायकलची बॅटरीसुद्धा नऊ वर्षं पुरेल. मग घरगुती वापराला सायकलचा आकडा बघून जास्त पैसे का मोजायचे?

इथे दुसरी गोष्ट आडवी येते: बॅटरी नुसती उभी असतानाही झिजते. उष्णता जितकी जास्त आणि चार्ज जितका वरचा, तितकी झीज वेगाने होते. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. पत्र्याच्या शेडखाली शंभर टक्के चार्ज करून ठेवलेल्या एनएमसी बॅटरीची झीज सायकलच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. एलएफपीलाही उष्णता बाधतेच, कारण ग्राफाइटच्या पृष्ठभागावर होणारी झीज दोघांना सारखीच. पण भरलेल्या एलएफपी सेलचं व्होल्टेज कमी असल्यामुळे कॅथोडच्या बाजूला ताण कमी पडतो. घरगुती ग्राहकासाठी एलएफपीची खरी बाजू ही आहे.

डिलिव्हरी करणाऱ्यांचं आणि रिक्षावाल्यांचं गणित मात्र सरळ सायकलचंच आहे. रोज 120 किलोमीटर धावणारी गाडी वर्षात 350 ते 400 सायकल खाते. हजार सायकलची बॅटरी अडीच-तीन वर्षांत थकणार, बहुधा कर्जाचे हप्ते संपता संपता. त्यांनी दुसरा विचारच करू नये, एलएफपीच घ्यावी. निकेल-कोबाल्ट नसल्यामुळे ती युनिटमागे स्वस्तही पडते. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतं, तिथल्या खाणींत मुलं राबतात हेही उघड झालेलं आहे. ज्यांना त्याची टोचणी लागते त्यांच्यासाठी तेही एक कारण.

एलएफपीची एक खोड मात्र माहीत असायला हवी. बराच चार्ज उतरेपर्यंत तिचं व्होल्टेज 3.2-3.3 च्या आसपास जवळजवळ सपाट राहतं. त्यामुळे किती चार्ज उरलाय हे बीएमएसला व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही. बरेच दिवस ऐंशी टक्क्यांपर्यंतच चार्ज करत राहिलात तर डिस्प्लेवरचा आकडा हळूहळू खोटा होत जातो, आणि एखाद्या दिवशी वीस टक्क्यांवरून एकदम पाचावर येतो. उपाय सोपा: आठवड्यातून एकदा पूर्ण शंभर टक्के चार्ज करा. एनएमसीचं व्होल्टेज उतरत जातं, त्यामुळे तिचा काटा जास्त भरवशाचा. तिला रोज ऐंशी-नव्वदवर थांबवा आणि लांबच्या प्रवासाआधीच शंभर करा.

विक्रेत्याला माहिती नसेल तर बॅटरीवरची पाटी वाचा. एलएफपी सेल 3.2 व्होल्टचा, एनएमसी 3.6 ते 3.7 चा. पाटीवर 51.2, 64 किंवा 76.8 व्होल्ट असेल तर तो 3.2 चा पाढा आहे: सोळा, वीस, चोवीस सेल. बहुधा एलएफपीच. 50.4 किंवा 51.8 दिसलं तर चौदा सेलची एनएमसी असण्याची शक्यता जास्त. नुसतं 48 लिहिलं असेल तर काही कळत नाही, लेखी विचारा. आणि चार्जर कधीही उसना घेऊ नका. सोळा सेलची एलएफपी 58.4 व्होल्टला पूर्ण भरते, चौदा सेलची एनएमसी 58.8 ला, पिन बसते म्हणून लावायचा मोह होतो, तो टाळा.

कंपनीच्या नावावरूनही रसायन ओळखू नका. टाटाची नेक्सॉन ईव्ही 2020 मध्ये एलएफपीवर आली. महिंद्राची एक्सयूव्ही400 एनएमसीची, पण त्याच कंपनीची पुढची बीई 6 एलएफपीची. मॉडेल आणि वर्ष दोन्ही विचारा.

बाकीचे पर्याय थोडक्यात. ग्राफाइटऐवजी लिथियम टायटनेटचा ॲनोड वापरला तर बॅटरी मिनिटांत चार्ज होते आणि दहा हजारांवर सायकल टिकते, पण सेल जेमतेम 2.3-2.4 व्होल्टचा, म्हणजे त्याच रेंजला कितीतरी जास्त वजन. ठरलेल्या मार्गावरच्या बसला चालेल, तुमच्या स्कूटरला नाही. सुपरकपॅसिटरमध्ये सक्रिय कार्बनचे इलेक्ट्रोड (दोन्ही टोकं) असतात, हा कार्बन नारळाच्या करवंटीपासूनही बनतो. झटका द्यायला उत्तम, साठा मात्र किलोमागे पाच-दहा वॅट-तास. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधन सेलच्या इलेक्ट्रोडला प्लॅटिनम लागतं. पुण्याची केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस 2022 मध्ये पुण्यात दाखवली गेली, पण घराजवळ हायड्रोजन भरायला पंप नाही तोवर खाजगी ग्राहकाने त्यात पडू नये.

सोडियम-आयनसाठी थांबावं का, असं बरेच जण विचारतात. त्यात लिथियम नाही, ॲनोडला ग्राफाइटऐवजी हार्ड कार्बन, आणि तांब्याच्या पातळ पत्र्याऐवजी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं. केपीआयटीने डिसेंबर 2023 मध्ये आयसर पुणे या विज्ञान संस्थेसोबत विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केलं. मला त्याबद्दल मनापासून आशा आहे. पण किलोमागच्या ऊर्जेत सोडियम-आयन सध्या फार तर एलएफपीच्या आसपास पोचतं, पुढे जात नाही. गाडीची गरज आज असेल तर थांबू नका. एलएफपी घ्या, आणि वॉरंटीच्या कागदावर किती किलोमीटर, किती वर्षं आणि किती टक्के क्षमतेची हमी आहे हे तिन्ही आकडे लिहून घेतल्याशिवाय पैसे भरू नका.