पीजी-व्हर्च्युअलएन्व्ह: बिल्डपुरता पोस्टग्रेस, आणि तो मध्येच कोसळला तर

डेबियन-उबुंटूचं पॅकेज बिल्ड करताना टेस्टना खराखुरा पोस्टग्रेस (डेटाबेस सर्व्हर) लागत असेल, तर स्वतःची शेल स्क्रिप्ट लिहीत बसू नका. ‘पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन’ या पॅकेजात पीजी-व्हर्च्युअलएन्व्ह नावाची कमांड येते, तीच वापरा. तिच्यापुढे टेस्टची कमांड लिहायची, बस्स. ती हंगामी क्लस्टर (आपला डेटा आणि सेटिंग घेऊन चालणारा एक स्वतंत्र सर्व्हर) उभा करते, होस्ट, पोर्ट, युजर, पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये भरते, टेस्ट चालवते आणि शेवटी सगळं पुसून टाकते. साध्या युजरने चालवली तर फाइली टेम्पमध्येच राहतात. रूटने (सर्वाधिकार असलेल्या युजरने) चालवली तर मात्र क्लस्टर सिस्टिमच्या नेहमीच्या जागी तयार होतो. ते नको असेल तर -टी पर्याय द्या.

हाताने इनिटडीबी (नवा क्लस्टर तयार करणारी कमांड) चालवणाऱ्या स्क्रिप्ट ठरलेल्या ठिकाणी अडतात. इनिटडीबी रूटखाली चालतच नाही. बिल्ड डिरेक्टरीचा पाथ लांबलचक असला की युनिक्स सॉकेटच्या (त्याच मशीनवरून सर्व्हरशी बोलण्याच्या खास फाइलच्या) पाथची १०७ बाइटची मर्यादा ओलांडली जाते आणि सर्व्हर सुरूच होत नाही. सर्व्हर सुरू करणारं पीजी-कंट्रोल ६० सेकंद वाट पाहतं, एम्युलेशनवरच्या (दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या) संथ मशीनवर तेवढ्यात भागत नाही. यातल्या पहिल्या दोन कटकटी हे साधन परस्पर मिटवतं.

खरी कसोटी लागते ती टेस्ट चालू असताना सर्व्हर पडला की. बिल्ड लॉगमध्ये आधी ‘सर्व्हरने कनेक्शन अचानक बंद केलं’ असा संदेश येतो आणि मागोमाग ‘डेटाबेस रिकव्हरी मोडमध्ये आहे’ अशा तक्रारींची रांग लागते. नापास टेस्ट पन्नास दिसल्या तरी गुन्हेगार बहुधा एकच असतो. एक बॅकएंड (एका कनेक्शनचं काम पाहणारी प्रोसेस) सिग्नलने, म्हणजे कर्नलच्या इशाऱ्याने, मेला की सगळ्यांची सामायिक असलेली शेअर्ड मेमरी बिघडली असेल असं धरून पोस्टमास्टर (सर्व्हरची मुख्य प्रोसेस) बाकीचे सगळे बॅकएंड मारतो, रिकव्हरी करतो आणि पुन्हा दार उघडतो. त्या वेळात ज्या टेस्ट आल्या त्या विनाकारण नापास.

इथेच या साधनाची उणीव दिसते. टेस्ट नापास झाली की ते सर्व्हर लॉगचं फक्त शेपूट छापतं आणि मग टेम्प पुसून टाकतं. क्रॅशनंतर रिकव्हरीच्या आणि नाकारलेल्या कनेक्शनच्या ओळी साचल्या, की नेमकी हवी ती ओळ वर सरकून हातची जाते. ती ओळ असते ‘सर्व्हर प्रोसेस अमुक सिग्नलने संपली’, आणि तिच्याखालच्या डिटेलमध्ये त्या क्षणी चालू असलेली क्वेरी लिहिलेली असते (फार लांब असेल तर मुळात पहिले १०२४ बाइटच). यापेक्षा चांगला पुरावा कुठेच मिळणार नाही. म्हणून -ओ पर्यायाने ‘रीस्टार्ट आफ्टर क्रॅश’ ही सेटिंग ऑफ करा. मूळ सेटिंग ऑन असते. ऑफ केली की पहिल्या क्रॅशनंतर सर्व्हर पुन्हा उठत नाही आणि ती ओळ शेपटातच सापडते. बिल्डसाठी ही सेटिंग आपोआप ऑफ असायला हवी होती, असं ठाम मत आहे.

सिग्नलचा आकडा मिळाला की अर्धं काम झालं. ९ म्हणजे बहुतेक वेळा कर्नलच्या ओओएम-किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेने) मारलं. डीमेसेगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) खात्री करा आणि डेब-बिल्ड-ऑप्शन्स या व्हेरिएबलमध्ये पॅरलल, म्हणजे एका वेळी चालणारी कामं, २ वर आणा. ११ म्हणजे सेगफॉल्ट (मेमरीत भलत्या जागी हात घालणं), आणि तुम्ही सी भाषेतलं एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायचा भाग) बिल्ड करत असाल तर पहिला संशय स्वतःच्या कोडवर घ्या. अशा वेळी यूलिमिट कमांडने कोअर फाइलची (मेलेल्या प्रोसेसच्या मेमरीच्या नकलेची) मर्यादा काढा आणि -एस देऊन चालवा. टेस्ट पडल्यावर सर्व्हर पुसण्याआधी शेल मिळते, कोअर तिथल्या तिथे जीडीबी या डीबगरमध्ये उघडता येते. डीबीजी-सिम (डीबगची माहिती असलेलं) पॅकेज आधीच टाकून ठेवा, नाहीतर बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनातून कोसळलं त्याची यादी) वाचता येत नाही. ७, म्हणजे बस एरर, कंटेनरमध्ये आली तर ह्यूज पेजेस (मेमरी मोठ्या तुकड्यांत घेण्याची सेटिंग) ऑफ करून पाहा.

कंटेनरची आणखी एक खोड: डॉकर डेव्ह-एसएचएमला (शेअर्ड मेमरीच्या जागेला) मुळात ६४ एमबीच देतो. पॅरलल क्वेरीला ते अपुरं पडलं की ‘शेअर्ड मेमरी सेगमेंटचा आकार बदलता आला नाही, जागा शिल्लक नाही’ अशी एरर येते. डिस्क रिकामी असते, त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत राहतो. हा क्रॅश नव्हे, सर्व्हर चालूच असतो. डॉकरचा एसएचएम-साइझ २५६ एमबी करा, ते हातात नसेल तर डायनॅमिक शेअर्ड मेमरीचा प्रकार एममॅप ठेवा.

पोर्टच्या बाबतीत फार सांभाळा. साधन ५४३२पासून पुढचा मोकळा पोर्ट घेतं. तुमच्या मशीनवर ५४३२ला कामाचा डेटाबेस असेल आणि टेस्टमध्ये तोच पोर्ट कोरून ठेवला असेल, तर टेस्ट हंगामी क्लस्टर सोडून खऱ्या डेटाबेसवर चालू शकतात आणि टेबलं उडवू शकतात. पोर्ट नेहमी व्हेरिएबलमधूनच घ्या. बिल्डच्या वातावरणात लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) बहुधा नुसतं ‘सी’ असतं, तेव्हा देवनागरी डेटाच्या टेस्ट असतील तर -सी पर्यायातून क्लस्टरचं लोकेल सी-यूटीएफ-८ करा.

एक्स्टेन्शनवाल्यांनी -ए वापरावं. बसवलेल्या सगळ्या पोस्टग्रेस आवृत्त्यांचे क्लस्टर एकदम उभे राहतात. मात्र प्रत्येक क्लस्टरचे शेअर्ड बफर (डेटासाठी राखून ठेवलेली मेमरी) मुळात १२८ एमबी धरतात. बिल्ड मशीनची रॅम तेवढी नसेल तर -व्ही देऊन एकेक आवृत्ती घ्या.