इथेरियम, सोलाना आणि बेस: वेग कुणाचा, ताबा कुणाचा

इथेरियम, सोलाना आणि बेस या क्रिप्टो व्यवहार नोंदवणाऱ्या ब्लॉकचेन, म्हणजे साखळ्या. टीपीएसच्या (सेकंदाला किती व्यवहार) आकड्यावर भाळण्याआधी सोलानाच्या आकड्याची फोड करून बघावी. तिथे व्हॅलिडेटरांची (ब्लॉक तपासून मान्य करणाऱ्या यंत्रांची) मतंही व्यवहार म्हणूनच नोंदवली जातात, त्यामुळे एकूण टीपीएसमध्ये मतांचाच भरणा मोठा. एक्सप्लोररवर (साखळीतले व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटवर) मतं वगळलेला आकडा मिळतो. तुलनेला तोच घ्या. तरीही वेगात पहिला नंबर सोलानाचाच. स्लॉट (एका ब्लॉकसाठीचा वेळ) साधारण ४०० मिलिसेकंदांचा, मूळ शुल्क एका सहीमागे ०.०००००५ सोल (सोलानाचं नाणं).

हा वेग येतो दणकट यंत्रांतून. व्हॅलिडेटरला २५६ जीबी किंवा त्याहून जास्त रॅम आणि दोन्ही बाजूंनी किमान १ जीबीपीएस लाइन लागते. वर मतांच्या शुल्कापोटी दिवसाला सुमारे १ सोल जातो. म्हणजे घरचा नोड (साखळीची प्रत ठेवणारं यंत्र) विसरा, डेटा सेंटर गाठा. शिवाय साखळी बंद पडण्याचा इतिहास आहे. १४ सप्टेंबर २०२१ ला बॉट्सच्या लोंढ्याने ती सुमारे १७ तास ठप्प होती, ६ फेब्रुवारी २०२४ ला प्रोग्राम कॅशमधल्या बगमुळे जवळपास पाच तास.

इथेरियमचा मूळ थर (मेननेट) याच्या उलट. १२ सेकंदांचा स्लॉट, फायनॅलिटीला (व्यवहार कायमचा पक्का व्हायला) सुमारे १३ मिनिटं. पण मे २०२३ मध्ये फायनॅलिटी दोनदा अडकली तेव्हाही ब्लॉक येतच राहिले, कारण सगळे एकाच क्लायंटवर (नोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) नव्हते. धुतल्या तांदळासारखं तेही नाही म्हणा. स्टेकिंगमध्ये (व्हॅलिडेटर चालवण्यासाठी ईथर हे इथेरियमचं नाणं अडकवून ठेवण्यात) एकट्या लिडो या सेवेचा वाटा एकेकाळी जवळपास तिसऱ्या हिश्शापर्यंत गेला होता.

नोड मात्र खरोखर घरी चालतो. ३२ ईथर व्हॅलिडेटरला लागतात, नुसत्या नोडला नाही. १६ जीबी रॅम चालते, ३२ बरी. गाडी अडते ती एसएसडीवर. स्वस्तातली क्यूएलसी किंवा डीरॅम नसलेली डिस्क सुरुवातीला जोरात पळते, मग कॅश भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो आणि सिंक (साखळीची सगळी माहिती उतरवून घेणं) टोकाला पोचतच नाही. टीएलसी प्रकारची एनव्हीएमई एसएसडीच घ्या, २ टीबी किमान. गेथ किंवा नेदरमाइंड आणि जोडीला लाइटहाउस किंवा निंबस, अशी दोन सॉफ्टवेअर लागतात. दोघांना एकच जेडब्ल्यूटी फाइल (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) दिली नाही तर ती एकमेकांशी बोलत नाहीत. चेकपॉइंट सिंक (पहिल्याऐवजी अलीकडच्या टप्प्यापासून सुरुवात) लावा, वेळ वाचतो. राउटरवर ३०३०३ आणि ९००० हे पोर्ट उघडूनही बाहेरून पीअर (इतर नोड) जोडले जात नसतील, तर तुमचं ब्रॉडबँड बहुधा सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच आयपीमागे) आहे. कंपनीकडून स्टॅटिक आयपी मागून घ्या. इन्व्हर्टर हवाच. ऐन लिहिताना वीज गेली तर डेटाबेस खराब होऊन पुन्हा पहिल्यापासून सिंक करायची पाळी येऊ शकते.

बेस हा मधला मार्ग. तो रोलअप आहे, म्हणजे व्यवहार वेगळे उरकून गठ्ठ्याने इथेरियमच्या मूळ थरावर नोंदवणारी साखळी. मार्च २०२४ च्या इथेरियमच्या डेंकुन अपग्रेडने ब्लॉब (अशा गठ्ठ्यांसाठीची स्वस्त, तात्पुरती जागा) आले आणि रोलअपचं शुल्क पार खाली आलं. रोजच्या छोट्या व्यवहारांना आमची पसंती यालाच. पण व्यवहारांचा क्रम लावणारा सीक्वेन्सर कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीच्या हातात. ५ ऑगस्ट २०२५ ला तो अडकला आणि अर्धा तास ब्लॉकच आले नाहीत. अशा वेळी मेननेटच्या करारातून (स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे साखळीवर चालणारा प्रोग्राम) व्यवहार घुसवता येतो, पण त्याला मेननेटचं शुल्क पडतं आणि काही तास थांबावं लागू शकतं. अधिकृत ब्रिजने (एका साखळीवरून दुसरीवर पैसे नेणारी सोय) पैसे परत मेननेटवर न्यायलाही साधारण सात दिवस धरा. झटपट ब्रिज मिनिटांत देतात, त्याचं कमिशन आणि त्यांच्या करारातल्या बगचा धोका मात्र आपल्या माथी. मोठी रक्कम असेल तर सात दिवस थांबलेलं बरं.