ल प्वीचा हिरवा मसूर

फ्रान्समध्ये राहून घरी शाकाहारी स्वयंपाक करताना मला सर्वांत उपयोगी पडलेला जिन्नस म्हणजे ‘लाँतिय व्हेर्त द्यू प्वी’, अर्थात ल प्वी परिसरातील हिरवा मसूर. ओत-ल्वार विभागातील ज्वालामुखीच्या मातीत, सुमारे ६०० ते १२०० मीटर उंचीवर तो पिकतो. ऐन उन्हाळ्यात डोंगर ओलांडून येणाऱ्या कोरड्या, उष्ण वाऱ्यांनी दाणा पूर्ण पक्व होण्याआधीच वाळतो आणि म्हणूनच त्याची साल पातळ राहते, पिठूळपणाही कमी असतो. १९९६ मध्ये त्याला फ्रान्सचे उगमस्थानाचे नामांकन (एओसी) मिळाले, म्हणजे ठरलेल्या परिसरात पिकलेल्या मसुरालाच हे नाव लावता येते.

हा मसूर भिजवावा लागत नाही. मी पहिल्यांदा सवयीने कुकर लावला आणि त्याचा लगदा झाला. त्याला उघडे भांडे आणि मंद आचच हवी. थंड पाण्यात गाजर, लवंगा टोचलेला कांदा, थाईमची काडी आणि लॉरेलचे पान (आपले तमालपत्र निराळ्या झाडाचे, त्याला दालचिनीचा वास असतो) घालून वीस ते पंचवीस मिनिटांत तो शिजतो. मीठ मी शेवटी घालते. निथळून गरम असतानाच त्यावर दिजाँची मोहरी (मोहरीची तयार पेस्ट), वाइनचे व्हिनेगर आणि तिप्पट तेल फेटून ओतावे, कारण थंड झालेला दाणा ते तितकेसे शोषत नाही.

फ्रेंच घरांत हा मसूर परंपरेने खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजतो. त्या खमंगपणाची उणीव मला लोण्यात तांबूस होईपर्यंत परतलेल्या मश्रूमनी भरून काढता आली. वरून शेळीच्या दुधाचे चीज फार छान लागते. मात्र अनेक पारंपरिक चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील रेनेट वापरतात, त्यामुळे काटेकोर शाकाहारी व्यक्तीने ते चौकशी करूनच घ्यावे.

कोल्हापूर-कराडकडच्या अख्खा मसुराला मात्र हा चालत नाही. वनस्पती एकच असली, तरी याचा दाणा फुटून रश्श्याला दाटपणा देत नाही. मी दोनदा करून पाहिले, दोन्ही वेळा रस्सा पाणचट राहिला. त्यासाठी साधा मसूरच घ्यावा, तो स्वस्तही पडतो. सॅलडसाठी मात्र हे जास्तीचे पैसे मी दरवेळी आनंदाने देते. पाकिटावर ‘द्यू प्वी’ हे शब्द आणि नामांकनाचा शिक्का दोन्ही पाहावेत. नुसता ‘हिरवा मसूर’ म्हणून मिळणारा दाणा दिसायला पुष्कळदा असाच असतो.