दाताच्या डॉक्टरची भीती: सराव, मास्क, गोळी की पूर्ण भूल?

दाढ ठणकायला लागली की भित्रा माणूस आधी पेनकिलर शोधतो, मग दुसऱ्या बाजूने चावायला शिकतो आणि शेवटी कारणं शोधू लागतो. मी चार वर्षं फक्त डाव्या बाजूने जेवलो. तेव्हा हा आढावा घेणारा माणूस तटस्थ नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

खुर्चीत बसायची हिंमत होत नसेल तर आज बरेच मार्ग आहेत. फक्त दाताजवळची जागा बधिर करून, डॉक्टरशी खुणा ठरवून जागेपणी काम करून घेता येतं. मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन थेट भीतीवरच इलाज करता येतो. नाकावर मास्क लावून नायट्रस ऑक्साइड हा गुंगी आणणारा वायू घेता येतो, गुंगीची गोळी घेता येते, शिरेतून गुंगीचं औषध देतात आणि यातलं काहीच जमलं नाही तर पूर्ण भूल. लोक विचारतात, ‘यातलं सगळ्यात जोरदार कोणतं?’ मीही तेच विचारलं होतं. पण इथे जोर बघून निवड केली की फसायला होतं, कारण यातला प्रत्येक मार्ग वेगळ्या भीतीवर चालतो.

भीती किती, यापेक्षा कशाची

‘मॉडिफाइड डेंटल अँक्झायटी स्केल’ नावाची पाच प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे. उद्या डॉक्टरकडे जायचं असेल, बाहेर वाट बघत बसला असाल, मशीनने दात कोरणार असतील, दात साफ करणार असतील किंवा हिरडीत सुई टोचणार असतील तर कसं वाटेल, एवढंच तीत विचारतात. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. बेरीज १९ किंवा त्याहून जास्त आली तर भीती तीव्र मानतात. बेरजेपेक्षा मला त्यातली फोड जास्त बोलकी वाटते. सुईला ५ आणि बाकी सगळ्याला २ देणारा माणूस, आणि प्रत्येक प्रश्नाला ३ देणारा माणूस, दोघांची बेरीज जवळपास येते. दोघांची वाट मात्र वेगळी.

माझ्या ओळखीतल्या भित्र्यांमध्ये (आम्ही एकमेकांना पटकन ओळखतो) चार-पाच प्रकार दिसतात. कुणाला दुखण्याची भीती असते. कुणाला आडवं पडून, तोंड उघडं ठेवून, दुसऱ्याच्या हाती जाण्याची. कुणाला सुई किंवा रक्त दिसलं की चक्कर येते. कुणाला आरसा जिभेच्या मागे गेला की उमासे येतात. आणि एक प्रकार कुणी मोठ्याने बोलत नाही तो म्हणजे लाज. इतकी वर्षं गेलो नाही, आता तोंडाची अवस्था बघून डॉक्टर काय म्हणेल? लाजेवर गोळी चालत नाही. ‘इतके दिवस कुठे होतात?’ असं विचारणारा डॉक्टर बदलणं हाच त्यावरचा उपाय. माझी चार वर्षं अशाच एका वाक्यामुळे गेली.

जागेपणी, खुणेवर

हा सगळ्यात साधा मार्ग, आणि सगळ्यात जास्त हेटाळला जाणारा. ‘डावा हात वर केला की थांबायचं’ असं आधी ठरवायचं. डॉक्टरने प्रत्येक गोष्ट आधी सांगायची, मग हत्यार दाखवायचं, मग वापरायचं. मला हे पोरखेळ वाटलं होतं. पहिल्यांदा हात वर केला तो दुखलं म्हणून नव्हे, खरंच थांबतात का ते बघायला. थांबले. त्यानंतर तासभरात एकदाच हात वर गेला. ताबा सुटण्याची भीती असणाऱ्याला ही खूण जे देते ते गुंगीच्या औषधाने मिळत नाही. उलट अशा काही लोकांना गुंगी आल्यावर जास्त घाबरायला होतं, कारण उरलासुरला ताबाही गेला असं वाटतं.

दुखण्याची भीती असेल तर मात्र खुणेपेक्षा बधिर करण्याबद्दल बोला. आज सर्रास वापरलं जाणारं लिडोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं आणि १९४८ पासून बाजारात आहे, म्हणजे औषध जुनं, चांगलं पारखलेलं. तरी ‘मला भूल लागतच नाही’ म्हणणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. दाताच्या आत जोराची सूज असेल तर तिथलं वातावरण आम्लधर्मी होतं आणि औषध नसेत नीट शिरत नाही. खालच्या दाढांना नस जिथे हाडात शिरते तिथे सुई द्यावी लागते, ती जागा माणसागणिक थोडी हलते, आणि असर व्हायला काही मिनिटं थांबावं लागतं. घाईत असलेला डॉक्टर थांबत नाही, मग आपल्याला वाटतं दोष आपल्यात आहे. अशा वेळी आणखी एक इंजेक्शन, वेगळी जागा, थोडा वेळ, याने बहुतेकदा काम होतं.

दोन गोष्टी आधी माहीत असल्या तर निम्मी धास्ती कमी होते. एक, बधिर झाल्यावरही दाब आणि धक्का जाणवतो. दुखणं वाहणारे तंतू लवकर बंद होतात, दाब वाहणारे जाड तंतू तितके सहज होत नाहीत. दाढ काढताना जे ओढल्यासारखं वाटतं ते दुखणं नव्हे. दुसरी, त्या औषधात बहुधा अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं. त्याने मिनिट-दोन मिनिटं छातीत धडधड होते, हात थरथरतात. भित्र्या माणसाला वाटतं झटका आला किंवा अ‍ॅलर्जी झाली. हे आधी सांगणारा डॉक्टर मिळाला तर धरून ठेवा. मला तिसऱ्या डॉक्टरने सांगितलं.

चक्कर येणाऱ्यांसाठी एक अपवाद. बाकी सगळ्यांना ‘अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला ठीक. ज्यांना सुई किंवा रक्त बघून भोवळ येते त्यांचा रक्तदाब अचानक खाली येतो, आणि अंग सैल सोडलं की तो आणखी पडू शकतो. त्यांनी उलट करायचं: हात, पोट, पाय १० ते १५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहरा गरम वाटला की २०-३० सेकंद सोडायचे, असं पाचेक वेळा. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी ही पद्धत पुढे आणली. घरी सराव करून जावं लागतं, खुर्चीत बसून पहिल्यांदा जमत नाही. सुई हाताला टोचणार असतील तर त्या क्षणी तो हात तेवढा सैल ठेवायचा.

भीतीवरच इलाज

मानसशास्त्रज्ञाकडची पद्धत म्हणजे भीतीच्या पायऱ्या पाडायच्या. आधी दवाखान्याचा फोटो, मग आवाज, मग नुसतं खुर्चीत बसून परत येणं, मग आरसा, मग सफाई. प्रत्येक पायरीवर भीती चढते आणि पळून न गेलं तर उतरते, हे अंगाला कळेपर्यंत थांबायचं. सोबत डोक्यातली वाक्यं तपासायची: ‘मला श्वास घेता येणार नाही’ हे खरं की नाकाने श्वास चालूच असतो? साधारण ६ ते १० भेटींत बऱ्याच जणांचं काम होतं. ओस्ट यांनीच विशिष्ट भीतींसाठी एकाच, फार तर तीन तासांच्या बैठकीची पद्धतही दिली.

तोटा उघड आहे. वेळ लागतो, आणि ठणकणारी दाढ वेळ देत नाही. गाल सुजला असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल तर सरावाची भाषा बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टर गाठा. पण वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा जावं लागणार असेल तर या यादीतला हा एकच मार्ग असा आहे की जो भीती खरोखर कमी करतो. बाकीचे तेवढ्यापुरती ती झाकतात.

मास्क आणि गोळी, शेजारी शेजारी

नायट्रस ऑक्साइडची गोष्ट दातांपासूनच सुरू होते. ११ डिसेंबर १८४४ ला हॉरेस वेल्स या अमेरिकन दंतवैद्याने तो वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. पहिला रुग्ण डॉक्टर स्वतः, हे मला अजूनही आवडतं. आज तो ऑक्सिजनमध्ये मिसळून नाकावरच्या मास्कमधून देतात. मात्रा हळूहळू वाढवतात, फार वाटलं की लगेच कमी करतात. माणूस जागा असतो, बोलतो, पण सगळं थोडं लांब गेल्यासारखं वाटतं. शेवटी काही मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की डोकं स्वच्छ होतं, आणि बहुतेक जण स्वतःच्या पायाने, कुणाच्या सोबतीशिवाय घरी जातात. उमासे येणाऱ्यांना याचा विशेष फायदा होतो.

गोळी म्हणजे डायझेपाम किंवा त्याच घराण्यातली औषधं. घ्यायला सोपी, मास्क नको, सुई नको. इथेच तिचा दोष आहे: एकदा गिळली की कमी-जास्त करता येत नाही. कुणाला अर्ध्या तासात गुंगी येते, कुणाला काम संपल्यावर. असर उशिरापर्यंत राहतो, म्हणून सोबत माणूस लागतो, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. दारू, झोपेची औषधं किंवा अफूवर्गातली वेदनाशामकं यांच्याबरोबर ती श्वास मंदावू शकते. झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी हे आधी सांगितलंच पाहिजे. घरातल्या कुणाची उरलेली गोळी घेऊन जाणं हा शुद्ध वेडेपणा. मी ते केलंय, खुर्चीत झोपलो नाही आणि नंतर रिक्षात झोपलो.

म्हणून दोन्ही उपलब्ध असतील तर माझं मत मास्कच्या बाजूने. अपवाद आहेत. नाक बंद असेल तर मास्कचा उपयोग नाही. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत तो टाळतात. हा वायू शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व निकामी करतो, त्यामुळे त्याची कमतरता असलेल्यांनी आधी बोलावं. नुकतंच डोळ्याचं, आत वायूचा बुडबुडा सोडलेलं ऑपरेशन झालं असेल तर अजिबात नाही. आणि ज्याला चेहऱ्यावर काही ठेवलं की गुदमरायला होतं त्याने मास्कच्या वाटेला जाऊ नये. अशा माणसाला, रात्रभर जागून पहाटे येणं रद्द करणाऱ्यालाही, डॉक्टरने मोजून दिलेली गोळी बरी. ती आदल्या रात्री झोपेसाठीही देतात.

एक गैरसमज तिन्ही प्रकारच्या गुंगीत सारखा आहे. मास्क असो, गोळी असो की शिरेतलं औषध, हिरडीतलं इंजेक्शन टळत नाही. गुंगी भीती बोथट करते, दात बधिर करण्याचं काम वेगळ्याच औषधाचं.

शिरेतून गुंगी आणि पूर्ण भूल

शिरेतून बहुधा मिडाझोलाम देतात. हाताला एक सुई लागते, पण औषध थेंबाथेंबाने वाढवता येतं, बोटाला ऑक्सिजन मोजणारं यंत्र लावलेलं असतं, आणि गरज पडली तर त्यावरचा उतारा, फ्लुमाझेनिल, जवळ असतो. माणूस जागाच, सांगितलं तसं तोंड उघडतो, आणि नंतर त्याला फारसं आठवत नाही. चार दाढा काढायच्या आहेत, एक रूट कॅनाल आहे, सगळं तुंबलेलं आहे, तर एक-दोन बैठकींत उरकायला हा चांगला मार्ग. प्रशिक्षित माणूस आणि सामान असलेल्या ठिकाणीच.

पण त्या न आठवण्यातच मेख आहे. जे आठवत नाही त्यातून अंग काही शिकत नाही. पुढच्या वेळी दारात पाय ठेवला की भीती आहे तिथेच बसलेली सापडते. गुंगीवर गुंगी घेत दहा वर्षं काढणारे लोक आहेत, आणि साधी सफाई करायलाही ते घाबरतात.

पूर्ण भुलीबद्दल थोडक्यात: भूलतज्ज्ञ, हॉस्पिटल, आधी ६ तास खाणं बंद आणि नुसतं पाणी २ तास आधीपर्यंत. खूप मोठं काम, गंभीर अपंगत्व, किंवा बाकी सगळं करून हरलेला माणूस यांच्यासाठी ती आहे. एकाच वेळी सगळं संपवायचं असल्याने दोन-तीन भेटींत वाचला असता असा दातही काढला जाण्याची शक्यता वाढते. नुसत्या भीतीपोटी ती मागणाऱ्याला मी आधी मास्क किंवा शिरेतली गुंगी विचारून बघ म्हणेन.

मी असतो तर

काम थोडं आणि भीती ताबा सुटण्याची असेल तर खूण ठरवून जागेपणी. काम थोडं पण सुईच्या नावाने पाय थरथरत असतील तर मास्क. टोचायच्या आधी लावायचं बधिर करणारं जेल मिनिट-दोन मिनिटं राहू द्यायला सांगेन, कारण ते लावून लगेच पुसतात. काम तुंबलेलं आणि दुखत असेल तर आता शिरेतून गुंगी घेऊन दुखणं संपवेन आणि महिन्याभरात मानसशास्त्रज्ञाची वेळ घेईन. हा क्रम महत्त्वाचा. दुखणं गेलं की माणूस दुसरा फोन करतच नाही, म्हणून दोन्ही वेळा एकाच दिवशी ठरवून ठेवेन.

आणि फोनवर पहिलं वाक्य ‘मला भीती वाटते’ हेच असेल. पलीकडून कुणी हसलं, किंवा ‘काही होत नाही हो’ म्हणून वेळ लिहून घेतली, तर तो फोन ठेवून दुसरा लावेन. ‘कशाची वाटते?’ असं विचारलं तर सकाळची पहिली वेळ मागेन, म्हणजे दिवसभर वाट बघावी लागत नाही, आणि पहिल्या भेटीत फक्त बोलून परत येईन. मी तसंच केलं होतं. त्या दिवशी खुर्चीत बसलोसुद्धा नाही. बाहेरच्या बाकावर वीस मिनिटं बोललो आणि घरी आलो. दाढ पुढच्या आठवड्यात भरली.