मातीत उमटलेला उपचारांचा इतिहास: रिओमधील एक संग्रहालय

रिओ दि जानेरोच्या उत्तर भागातील एंजेन्यो दे देन्त्रो या वस्तीत, एका जुन्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९५२ साली स्थापन झालेले ‘अबोध मनाच्या प्रतिमांचे संग्रहालय’ पर्यटकांच्या यादीत क्वचितच असते. शिल्पकलेत किंवा मानसोपचारांत रस असणाऱ्यांनी मात्र त्यासाठी समुद्रकिनाऱ्यावरची एक सकाळ खुशाल सोडावी.

विजेचे झटके, इन्सुलिनने आणलेली बेशुद्धी आणि लोबॉटमी ही मेंदूवरील शस्त्रक्रिया, या तिन्हींना ठाम नकार देणाऱ्या डॉ. नीझे दा सिल्वेइरा यांनी १९४६ मध्ये येथील व्यवसायोपचार, म्हणजे रुग्णांना कामात गुंतवून उपचार करणारा विभाग हाती घेतला आणि रुग्णांच्या हाती रंग व माती दिली. त्यातून साडेतीन लाखांहून अधिक कलाकृतींचा संग्रह उभा राहिला. त्यात चित्रांचाच बोलबाला आहे, पण माझ्या मते अधिक खोलवर जाते ती मातीच.

स्किझोफ्रेनियाचे निदान झालेल्या आदेलिना गोमेस १९३७ मध्ये रुग्णालयात आल्या. त्यांनी घडवलेल्या भरीव, जड अंगाच्या स्त्रीमूर्ती नवाश्मयुगीन मातृदेवतांची आठवण करून देतात. नीझे यांनी या मूर्तींचा अर्थ स्विस मनोविश्लेषक कार्ल युंग यांच्या आदिबंधांच्या, म्हणजे सर्व माणसांच्या अबोध मनात सामाईक असणाऱ्या मूळ प्रतिमांच्या, आधारे लावला. १९५७ मध्ये झुरिक येथे भरलेले या रुग्णांच्या कलाकृतींचे प्रदर्शन स्वतः युंग यांनी पाहिले होते. हे विवेचन मोहक आहे, यात शंका नाही. तथापि प्रत्येक मूर्तीत आदिमातेचाच शोध घेतला की, आईच्या विरोधामुळे प्रेमाला मुकलेली आदेलिना ही एक विशिष्ट तरुणी मागे पडते, आणि ते मला खटकते.

याउलट येथील दुसरे रुग्ण लूसियो नोएमान यांच्या शिल्पांना कोणत्याही सिद्धान्ताचा टेकू लागत नाही. कार्यशाळेत त्यांनी बांधेसूद, करारी योद्धे घडवले होते. १९४९ च्या सुमारास, नीझे यांचा विरोध डावलून, त्यांच्यावर लोबॉटमी करण्यात आली आणि त्यानंतर त्यांच्या हातून उतरलेल्या आकृत्यांत तो बांधा उरला नाही. शस्त्रक्रियेच्या आधीची आणि नंतरची शिल्पे शेजारी ठेवली असता, रुग्ण ‘शांत’ झाला असे लिहिणाऱ्या त्या काळच्या कोणत्याही नोंदीपेक्षा ती अधिक काही सांगतात. मनोविकाराचे दर्शन घडवणारी संग्रहालये इतरत्रही आहेत. उपचाराने काय हिरावले, हे इतक्या उघडपणे दाखवणारे उदाहरण विरळा.

शहराच्या मध्यवर्ती स्थानकातून उपनगरी रेल्वेने येथे पोहोचता येते. एवढ्या मोठ्या संग्रहातले सर्व काही एका वेळी मांडणे अशक्यच, म्हणून लूसियो यांची शिल्पे पाहायला मिळतील का, याची आधी चौकशी करून निघावे.