देसाऊ की टोकियो? उपयोजित कलेच्या अभ्यासदौऱ्यासाठी दोन प्रस्तावांचा आढावा

ठाण्यातील आमच्या महाविद्यालयात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाची मुले मे महिन्यातील परदेशी अभ्यासदौऱ्याची इतक्या आतुरतेने वाट पाहत आहेत की वर्गातले बोलणे फिरून फिरून तिथेच येते. प्रस्ताव दोन आहेत. एकात बर्लिनला मुक्काम ठेवून देसाऊ आणि लाइपझिग पाहायचे आहे. दुसऱ्यात सर्व दिवस टोकियोत घालवायचे आहेत. पालक आणि विद्यार्थी यांना निर्णय घेणे सोपे जावे म्हणून, या मुलांना अक्षररचना शिकवणारी शिक्षिका या नात्याने, मी दोन्हींची तुलना करीत आहे.

जर्मनीच्या बाजूने सर्वात मोठा मुद्दा बाउहाउस या कला आणि संकल्पन (डिझाइन) शिकवणाऱ्या शाळेचा आहे. 1919 मध्ये वायमार येथे सुरू झालेली ही शाळा 1925 मध्ये देसाऊला आली आणि तिचे संस्थापक, वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपियस यांनी रचलेल्या तिथल्या इमारतीचे उद्घाटन डिसेंबर 1926 मध्ये झाले. आमच्या पहिल्या वर्षाच्या पायाभूत अभ्यासक्रमातील रंग, आकार आणि पोत यांच्या स्वाध्यायांचे मूळ या शाळेत आहे. तिथले शिक्षक हर्बर्ट बायर यांनी तिथेच फक्त लहान लिपीतील अक्षरे वापरण्याचा आग्रह धरला. जर्मन भाषेत प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होते हे लक्षात घेतले, म्हणजे तो आग्रह किती धाडसी होता ते कळते. देवनागरीत असा भेदच नसल्यामुळे आपल्या मुलांना ते पुस्तकातून सहसा जाणवत नाही. लाइपझिगच्या मुद्रणकला संग्रहालयात जुनी यंत्रे चालू स्थितीत ठेवलेली आहेत, त्यामुळे खिळे (छपाईची धातूची अक्षरे), जुळारी (ती जुळवणारा कारागीर), छापखाना हे शब्द केवळ ऐकलेल्या पिढीला ते काम डोळ्यांसमोर होताना पाहता येईल.

टोकियोचे आकर्षण मात्र मला अधिक जवळचे वाटते, कारण तिथल्या संकल्पनकारांसमोर (डिझायनरांसमोर) आपल्यासारखाच प्रश्न रोज उभा असतो: एकाच फलकावर आपली लिपी आणि रोमन लिपी कशी नांदवायची? जपानी मजकुरात कांजी, हिरागाना आणि काताकाना या तीन लिप्या एकत्र येतात; संगणकासाठी ठरवलेल्या एका जुन्या प्रमाणित संचातच 6,879 चिन्हे आहेत. जोडाक्षरांनी दमलेल्या आमच्या विद्यार्थ्याला हा आकडा ऐकल्यावर जो धीर येतो, तो मी वर्गात पाहिला आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट उभ्या लेखनाची आहे. देसाऊच्या इमारतीवर शाळेचे नाव एकाखाली एक अक्षरे लावून लिहिले आहे आणि ते प्रभावी दिसते, पण रोमन लिपीची स्वाभाविक दिशा आडवीच आहे. जपानी लिपी मुळात उभी लिहिली जात आली आहे. ठाण्यातील जांभळी नाक्याच्या अरुंद गाळ्यांवर उभ्या मराठी पाट्या रंगवताना शिरोरेषा तुटते आणि वेलांट्यांना जागा उरत नाही, हे ज्याने पाहिले आहे त्याला टोकियोच्या गिंझा भागातील पाट्यांचा अभ्यास फार उपयोगी पडेल. शिवाय टोकियोच्या मुद्रण संग्रहालयात खिळे जुळवण्याची कार्यशाळा आहे, तर गिंझा ग्राफिक गॅलरीत केवळ ग्राफिक डिझाइनला वाहिलेली प्रदर्शने भरतात.

दोन्ही देशांना जोडणारा एक धागाही आहे. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकसाठी, जपानी न वाचू शकणाऱ्या पाहुण्यांकरिता, कात्सुमी मासारू यांच्या मार्गदर्शनाखाली चित्रचिन्हांचा सुसूत्र संच तयार झाला; 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकसाठी जर्मन संकल्पनकार ओट्ल आयशर यांनी ती कल्पना काटेकोर भौमितिक जाळीवर बसवली. नवी मुंबईतील बेलापूर ते पेंधर मेट्रोने रोज प्रवास करणारी आमची काही मुले अशी चिन्हे न थांबता वाचतात.

व्यावहारिक बाबी थोडक्यात सांगते. जर्मनीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे प्रौढांसाठीचे शुल्क 90 युरो असून किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. व्हिसा जपानलाही लागतो. मेच्या आरंभी जपानमध्ये सलग सुट्ट्यांची मोठी गर्दी असते आणि जूनमध्ये तिथे पावसाळा सुरू होतो, म्हणून मेचा मध्य योग्य. शाकाहारी विद्यार्थ्यांना बर्लिन सोपे जाईल, कारण जपानमध्ये भाज्यांच्या सारातही बहुधा माशांचा अर्क असतो. बर्लिनमध्ये रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा कागद आणि रंग आधीच्या दिवशी घ्यावे लागतील.

पाश्चात्त्य संकल्पनाचा इतिहास ज्यांना मुळातून समजून घ्यायचा आहे, किंवा पुढे जर्मनीतच शिकायचे आहे, त्यांनी पहिला प्रस्ताव निवडावा. ज्यांना देवनागरीत काम करायचे आहे त्यांना मी निःसंकोचपणे टोकियो सुचवीन, आहाराची अडचण धरूनही. निवड कोणतीही झाली तरी निघण्यापूर्वी प्रत्येकाने नौपाडा आणि जांभळी नाका येथील किमान दहा उभ्या पाट्यांची छायाचित्रे काढून, त्यांतील अक्षरांची मापे वहीत नोंदवून आणावीत. तिकडे पोहोचल्यावर आमचे पहिले रेखाटन याच वहीच्या समोरच्या पानावर होईल.