टाचेच्या चिठ्ठीवर विकले जाणारे पावडरचे डबे

सोसायटीच्या नोटीस बोर्डावर 'हाडांची मोफत घनता तपासणी' असं पत्रक लागतं आणि बहुतेक करून गुडघे दुखणारी मंडळी तिथे जातात. हॉलमध्ये छोटं यंत्र असतं. टाचेला जेल लावून पाय त्यात ठेवायचा, की थोड्याच वेळात चिठ्ठी हातात: टी-स्कोअर (निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे 2.7, लाल पट्टा. टेबलामागचा माणूस डॉक्टर असतोच असं नाही, पुष्कळदा तो कंपनीचा विक्री प्रतिनिधी असतो. "काकू, हाडं पार पोकळ झालीत. घसरलात तर खुबा गेलाच म्हणून समजा." शेजारच्या टेबलावर पावडरचे डबे आणि ड जीवनसत्त्वाची पाकिटं असा तीन महिन्यांचा 'कोर्स' बांधून तयारच असतो.

यंत्र खोटं नसतं. लबाडी आहे ती चिठ्ठीचा अर्थ सांगण्यात. हे यंत्र टाचेच्या हाडातून ध्वनिलहरी किती वेगानं जातात आणि किती क्षीण होतात एवढंच मोजतं. उणे 2.5 ही ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची रेषा जागतिक आरोग्य संघटनेच्या गटानं 1994 साली आखली. ती लागू होते डेक्सा तपासणीतल्या (एक्स-रे किरणांनी हाडांची घनता मोजणाऱ्या) कमरेच्या मणक्यांना, खुब्याला आणि काही वेळा मनगटाजवळच्या हाडाला. टाचेच्या आकड्याला ती लावून निदान करता येत नाही. चाळिशीतल्या, पाळी चालू असलेल्या बाईला नुसत्या टी-स्कोअरवर घाबरवणं तर साफ चूक, कारण तिथे समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर बघतात.

आकडा हलवणं अवघड नाही. जेल कमी पडलं, हवेचे बुडबुडे राहिले, पाय गार किंवा सुजलेला असला, टाच जरा पुढेमागे बसली, की वाचन बदलतं. म्हणूनच तीन महिन्यांनी होणारी 'फेरतपासणी' हा खरा डाव असतो. आकडा उणे 2.7 वरून उणे 2.2 वर आला, की 'पावडरीचा गुण' म्हणून पुढचे डबे खपतात. हाड इतक्या लवकर भरत नाही. डेक्सासुद्धा साधारण वर्ष-दोन वर्षांनी, शक्यतो त्याच मशीनवर करतात.

आणि गुडघ्याचं काय? ऑस्टिओपोरोसिस फ्रॅक्चर होईपर्यंत सहसा दुखत नाही. गुडघा दुखतो तो बहुधा सांध्याच्या झिजेनं. त्यासाठी दोन्ही गुडघ्यांचा उभं राहून काढलेला एक्स-रे लागतो. आडवं झोपवून काढला तर सांध्यातली फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते.

डेक्सा कुणी करावी? पासष्टीपुढच्या बायका, सत्तरीपुढचे पुरुष. आणि पाळी लवकर गेलेली, किरकोळ पडण्यानं हाड मोडलेलं किंवा तीन महिन्यांहून जास्त स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्याआधीच. रिपोर्टमध्ये कमरेचे एल-1 ते एल-4 मणके, खुब्याची मान आणि पूर्ण खुबा यांचे वेगवेगळे आकडे व चित्र हवं. उतारवयात मणक्यांना हाडाच्या चोची आल्या किंवा एखादा मणका दबलेला असला, की तिथली घनता फसवी जास्त दिसते. शेजाऱ्यापेक्षा एकाहून जास्त टी-स्कोअरचा फरक असलेला मणका वगळावा लागतो. नुसतं 'सरासरी नॉर्मल' लिहून दिलं असेल तर खुब्याचा आकडा मागून घ्या.

कोर्स घेऊन झाला असेल तर आधी त्यातली ड जीवनसत्त्वाची पाकिटं बघा. 60,000 युनिटचं पाकीट सहसा आठवड्याला एक असतं, रोज नव्हे. रोज घेतलं गेलं असेल आणि मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान सुरू झाली असेल, तर ते बंद करून लगेच डॉक्टरांना गाठा. रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा घटक) तपासावं लागेल.